तान कुओंग : हनोईपासून दीड-दोन तासांवरचं चहाचं गाव (कुणाला जायचं असेल तर माहितीसकट)

डोंगरवाटा

सध्या आपल्याकडून व्हिएतनामला जाणाऱ्यांची नुसती रांग लागलीय, मुंबईहून हनोईला थेट विमान सुरू झाल्यापासून तर आमच्या सोसायटीत दर मजल्यावर एक तरी हालोंग बेवाला डीपी आहे. हनोई, क्रूझ, दा नांगचा तो दगडी दिसणाऱ्या हातांवर धरलेला पूल, हो ची मिन्ह सिटीजवळची भुयारं, की परत. वाईट काहीच नाही त्यात, आम्ही पण तेच केलं. फक्त हनोईत एक दिवस मोकळा ठेवून थाय न्गुयेनजवळच्या तान कुओंग नावाच्या गावात गेलो, आणि मराठीत त्याबद्दल शोधून काही मिळालं नाही म्हणून हा धागा. फोटो नंतर टाकते, मोबाईलवरून टंकतेय, शुद्धलेखन पोटात घाला.

हनोईच्या उत्तरेला साधारण ८० किमीवर थाय न्गुयेन शहर. २०१४ पासून एक्स्प्रेसवे आहे त्यामुळे गाडीने दीड तास. तिथून पश्चिमेला दहा-बारा किमी गेलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूला चहा सुरू होतो. मुन्नार डोक्यात ठेवून जाऊ नका. इथे धुकं, दऱ्या, हिरव्या मखमली डोंगरउतारांचे सीन नाहीत. बुटक्या बुटक्या टेकड्या, कमरेएवढी झुडपं, मधून काँग नदी, आणि चहा अक्षरशः लोकांच्या मोरीच्या मागून चालू होतो. कंपनीचा बोर्ड नाही, मॅनेजरचा बंगला नाही. दर घराचा आपापला मळा आणि दर घराच्या मागे आपापली भट्टी. मला सगळ्यात जास्त हेच बघायचं होतं.

आम्ही ज्यांच्याकडे गेलो ते हनोईतल्या होमस्टेवालीच्या ओळखीतले. घरात आजी, नवरा-बायको, एक सून आणि तिचं पोर. मुलगा फोनच्या कारखान्यात शिफ्टला. जमीन आपल्या हिशोबाने दीडेक एकर असेल. भाषेचं म्हणाल तर अर्धं काम फोनवरच्या ट्रान्सलेटने केलं, अर्धं हातवाऱ्यांनी, आणि आजींनी तर सरळ व्हिएतनामीतच गप्पा मारल्या, मी मराठीत उत्तरं दिली, दोघींचं व्यवस्थित चाललं होतं.

गेल्या गेल्या चहा. जाड कोरीव लाकडी बाकं, मधे टेबल, त्यावर ट्रे, घोटभर मावेल एवढे कप. आधी किटलीतलं गरम पाणी कपांवरून फिरवलं, मग चिमूटभर नाही चांगली मूठभर पत्ती छोट्या भांड्यात, पाणी घालून ते पहिलं पाणी लगेच ओतून टाकलं, मग खरा चहा. तो आधी एका मोठ्या कपात काढून मग सगळ्यांना वाटतात, म्हणजे कुणाला पातळ कुणाला कडक असं होत नाही. सोबत शेंगदाण्याची चिक्की, तीळ लावलेली. पहिला घोट घेतल्यावर माझ्या नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता. तुरट. जिभेला कोरड पडेल इतका तुरट. आणि मग दहा-पंधरा सेकंदांनी घशात गोडवा यायला लागतो आणि बराच वेळ राहतो. तिकडे चांगल्या चहाची परीक्षाच ही, आधी तुरट मग गोड. नुसताच तुरट राहिला तर चहा वाईट आणि नुसताच गोडमिट्ट लागला तर म्हणे काहीतरी मिसळलंय.

मळ्यात खुडणी चालू होती. सात-आठ बायका, त्यातल्या निम्म्या शेजारच्या, आज यांच्याकडे उद्या त्यांच्याकडे अशी सावड चालते आणि बाकीच्या किलोवर मजुरीने. एक कळी आणि दोन पानं, नखाने तोडायचं नाही, दोन बोटांत धरून वर उचलायचं. मी तासभर खुडलं तर टोपलीचा तळसुद्धा झाकला नाही आणि त्यातलंही निम्मं सूनबाईंनी हसत हसत बाजूला काढलं. टोपलीत दाबून भरायचं नाही, पान चुरगळलं की तिथे लाल पडतं. घरी आणून लगेच पसरायचं.

आता भट्टी. मागच्या पडवीत पत्र्याखाली एक स्टीलचं आडवं पिंप, मोटरवर फिरणारं, खाली लाकडाचा जाळ. बऱ्याच घरांत आता गॅस आलाय, यांचं अजून लाकूडच होतं, मागच्या टेकडीवरच्या बाभळीच्या जातीच्या झाडांचं. बाई पिंपाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, आत तळहात धरला, थांबल्या, मान हलवली, अजून एक लाकूड सारलं, परत हात धरला. थर्मामीटर वगैरे भानगड नाही. मग एकदम टोपलीभर पान ओतलं, तडतड तडतड आवाज, वाफेचा लोट, आणि वास जो आला तो थेट शेकोटीवरच्या हुरड्याचा. दोनेक मिनिटांनी त्यांनी आत हात घालून मूठभर पान काढलं, देठ वाकवून बघितला. मोडला नाही, वाकला. म्हणजे झालं. पान बाहेर, सुपात घालून वारं घालायला सुरुवात. मग ते वळायच्या मशीनमध्ये, वरून दाब आणि खाली गोल गोल फिरणं, तिथून चिकट गोळे बाहेर येतात ते हाताने सुटे करायचे आणि परत पिंपात, पण आता मंद आचेवर, तास न् तास. पान हळूहळू आकडा होऊन वळतं. शेवटचा जो शेक असतो, सुगंध आणायचा, तो आम्ही बघितला नाही कारण तो त्या रात्री उशिरा करणार होत्या. पाच किलो ओल्या पानाचा साधारण एक किलो चहा होतो, त्यामुळे सकाळी बघितलेले ते टोपल्यांचे ढीग संध्याकाळी पिशवीत मावतात.

किंमत. मोक काऊ म्हणजे माशाच्या गळासारखा वळलेला रोजचा चहा साधारण २ ते ४ लाख डाँग किलो. घाबरू नका, १ रुपयाला ३०० डाँगच्या आसपास येतात, म्हणजे हजार रुपये धरा. नोन तोम, कळी आणि एक कोवळं पान, त्याच्या दुप्पट-तिप्पट. आणि दिन्ह, नुसती कळी, खिळ्यासारखी सरळ, ती २० लाख डाँगच्या पुढे कितीही. आम्ही नोन तोम घेतला. घेण्याआधी तिन्ही करून पाजले, घ्या म्हणून एकदाही म्हणाल्या नाहीत.

बाकी प्रश्न विचारा, आठवेल तसं लिहिते.

—

फुलपाखरू२२

मस्तच ग. वाचनखूण साठवली. फोटो लवकर टाक.

—

तर्कट

लेख छान पण एक प्रामाणिक प्रश्न. आठ दिवसांच्या ट्रिपमधला एक अख्खा दिवस ग्रीन टी बघायला का घालवायचा? चहाचे मळे आपल्याकडे मुन्नार, उटी, दार्जिलिंग, आसाम पैशाला पासरी आहेत. आणि ग्रीन टी हा प्रकार मला तरी औषध म्हणूनच माहितीय, ऑफिसातल्या डाएटवाल्या पोरी गरम पाण्यात पिशवी बुडवतात तो.

—

डोंगरवाटा

@तर्कट, मळेच बघायचे असतील तर मुन्नार दहापट देखणं आहे, वादच नाही. पण मुन्नारला मी तीनदा... असो, बरेचदा गेलेय आणि प्रत्येक वेळी चहा करणारा माणूस काचेच्या पलीकडे होता. खुडणारी बाई वेगळी, फॅक्टरीतला वेगळा, लिलावात विकणारा वेगळा, आणि दुकानात मला पुडा देणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं. इथे ज्या बाईने सकाळी पान खुडलं तिनेच दुपारी भाजलं आणि तिनेच संध्याकाळी वजन करून पिशवी सील केली. चहा कडू झाला तर कोणाला बोलायचं हे पक्कं ठाऊक. शेजारच्या घरी पण आम्ही प्यायलो, तीच जात, तीच माती, मधे कुंपण सुद्धा नाही, तरी चहा वेगळा, जरा जास्त भाजका. त्या घरचे काका म्हणे आमच्याकडे असाच आवडतो.

पिशवीवाल्या ग्रीन टीबद्दल काय बोलणार, तो मलाही आवडत नाही.

—

जोरहाटकर

वरचं वर्णन वाचून फार बरं वाटलं. माझी नोकरी सगळी आसामात चहाच्या बागेत गेली (आता नाशकात), त्यामुळे थोडी भर घालतो.

ताईंनी पिंपात पान ओतल्यावरची जी दोन मिनिटं लिहिलीत ना, तीच सगळी ग्रीन टी. पान तोडल्यापासून त्यातली एन्झाइम्स कामाला लागतात आणि हवेशी संयोग होऊन पान तांबूस व्हायला लागतं. आपण काळ्या चहात ते मुद्दाम होऊ देतो. ग्रीन टीत ते उष्णतेने तिथल्या तिथे मारायचं. जपानी लोक वाफेने मारतात म्हणून त्यांच्या चहाला समुद्री शेवाळासारखा हिरवा वास, चिनी आणि व्हिएतनामी गरम धातूवर मारतात म्हणून भाजका वास. आच कमी पडली तर देठ लाल पडतो, जास्त झाली तर कडा करपतात आणि चहाला धुराचा वास. देठ वाकवून बघणं हे अगदी बरोबर, कारण देठात पाणी सगळ्यात शेवटपर्यंत राहतं.

आपला रोजचा दाणेदार चहा म्हणजे सीटीसी. ते यंत्र १९३० च्या सुमारास आसामातच निघालं, पान चिरडा, फाडा, गोळी करा. रंग झटकन उतरतो, दुधाला तोंड देतो, स्वस्त पडतो. त्यात वाईट काही नाही, मी स्वतः सकाळी तोच पितो, आलं घालून.

आता तर्कटरावांच्या मुद्द्याबद्दल. भारतात पण आता निम्म्याहून जास्त चहा छोट्या बागायतदारांच्या पानाचा असतो, सगळे काही मोठे मळे नाहीत. पण आपला छोटा बागायतदार हिरवं पान विकतो. सकाळी खुडलं, दुपारी एजंटची गाडी आली, फॅक्टरीत गेलं, भाव त्या दिवशी फॅक्टरी देईल तो. पान तर थांबत नाही, संध्याकाळपर्यंत खराब होतं, मग घासाघीस कसली करणार. तान कुओंगमधल्या घराने तेच पान स्वतः वाळवून चहा केला की त्याला महिनाभर थांबता येतं, भाव पटला नाही तर विकू नका. सगळा फरक त्या पडवीतल्या पिंपाने पडतो. मी आसामात हे लोकांना सांगून थकलो, काही जण करतायत आता हाताने केलेला चहा, पण गिऱ्हाईक गाठणं अवघड जातं.

आणि उलटी बाजू पण सांगतो. व्हिएतनामचा बराचसा निर्यात चहा स्वस्तातला असतो, त्यांचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक वर्षानुवर्षं पाकिस्तान आहे. तान कुओंगसारखा चांगला चहा बाहेर फारसा जातच नाही, त्यांचे लोकच पिऊन टाकतात. स्वतःच्याच देशात चांगल्या चहाला इतके पैसे मोजणारे लोक असणं हे त्या गावाचं नशीब.

—

तर्कट

काका, प्रतिसाद आवडला. माघार घेत नाही पण अर्धा दिवस देऊन बघीन म्हणतो.

—

सातबारा

जमीन कोणाच्या नावावर असते तिकडे? कम्युनिस्ट देश ना?

—

हनोईत_सध्या

नोकरीनिमित्त चार वर्षांपासून हनोईत. धागा बघून लॉगिन केलं.

@सातबारा, जमीन कायद्याने सगळ्या जनतेची, म्हणजे सरकारची. पण कुटुंबाला वापरायचा हक्क मिळतो, तो विकता येतो, गहाण ठेवता येतो, मुलांना देता येतो. लाल पुठ्ठ्याचं पुस्तक असतं त्याचं, लोक तेच जिवापाड जपतात. आधी सगळी सामुदायिक शेती होती, १९८६ ला त्यांनी धोरण बदललं आणि १९९३ च्या जमीन कायद्याने झाडांच्या, फळबागांच्या जमिनी ५० वर्षांसाठी कुटुंबांना दिल्या. चहाचं झुडूप काही एका हंगामाचं पीक नाही, पुढची पन्नास वर्षं आपल्याकडे आहे म्हटल्यावरच माणूस विहीर खणतो, स्प्रिंकलर घालतो, नवीन जात लावतो. ताईंनी बघितलेली ती दर घरामागची भट्टी त्यानंतरची समजा.

तान कुओंगचा चहा तसा फार पुराणा नाही. १९२० च्या दशकात फू थो प्रांतातून बिया आणून लावल्या. त्यात दोई नाम म्हणून एका माणसाचं नाव सगळे घेतात, त्याने करकोच्याच्या पंखाचं नाव देऊन चहा विकला आणि १९३५ ला हनोईच्या प्रदर्शनात बक्षीस मिळवलं. गावात त्याला मान आहे. आज थाय न्गुयेन प्रांतात २२ हजार हेक्टरहून जास्त चहा आहे, देशात सगळ्यात जास्त. आणि तान कुओंग नावाला २००७ पासून भौगोलिक मानांकन आहे. तरी हनोईतल्या दर दुसऱ्या दुकानात तान कुओंग लिहिलेला पुडा मिळतो, गाव एवढंसं आहे, तुम्हीच हिशोब करा.

मुलगा फोनच्या कारखान्यात म्हणालात, तो सॅमसंगचाच असणार. त्याच प्रांतात फो येनला प्रचंड मोठी फॅक्टरी आहे, तुमच्यापैकी कोणीतरी हा धागा तिथे जुळवलेल्या फोनवर वाचत असेल. तिथला पगार महिन्याच्या महिन्याला हातात पडतो आणि चहाची भट्टी रात्री दोन वाजता पण बघायला लागते, त्यामुळे तरुण पोरं कुठे जातात हे सांगायला नको. मी ज्यांच्याकडे जातो त्या घरी दोन्ही मुलं फॅक्टरीत, सुट्टीच्या दिवशी मात्र दोघं बापाला पिंपावर बसवत नाहीत, स्वतः बसतात. पुढे काय होणार माहीत नाही, घरातले लोक पण हाच विषय काढतात.

जून-जुलैत आलात तर हनोईतच ताय हो तळ्याकाठी कमळाचा चहा करतात तो बघा. पहाटे फुलं काढायची, त्यातले पुंकेसरांच्या टोकाचे पांढरे दाणे वेगळे करायचे, तांदळासारखे दिसतात, आणि ते चहात थरावर थर घालून मुरवायचे, मग वाळवायचं, परत नवीन दाणे. एक किलो चहाला हजाराच्या वर फुलं लागतात. पत्ती बहुतेक वेळा तान कुओंगचीच. किंमत ऐकून आपल्याला घेरी येते. स्वस्तातला प्रकार म्हणजे एका फुलात मूठभर चहा भरून, पाकळ्या बांधून रात्रभर ठेवायचं आणि फ्रीजरमध्ये टाकायचं. तो मी दरवर्षी घेतो.

—

अंबाडीची_भाजी

आम्ही शाकाहारी. लसूण-कांदा चालतो पण अंडंसुद्धा नाही. अशा गावात जेवणाचं काय? टूरवाला म्हणतो फळं खा.

—

डोंगरवाटा

@अंबाडीताई, मी पण शाकाहारी, नवरा नाही. आदल्या दिवशी कळवलं होतं. उकडलेली कलमीची (पाण्यात वाढणारी पालेभाजी) भाजी, तळलेलं टोफू, भात, तिळाचं मीठ आणि शेंगदाणे असं मस्त जेवण झालं. एक लक्षात ठेवा, टोफू आहे म्हणजे शाकाहारी असं नाही, टोमॅटोच्या रश्श्यात मासळीचं पाणी असू शकतं. बुडवायला समोर जे वाटीत येतं ते मासळीचंच, त्याऐवजी सोया सॉस मागा. ‘आन चाय’ म्हटलं की त्यांना कळतं कारण पौर्णिमा-अमावास्येला तिकडे पण बरेच लोक शाकाहार करतात. हिरव्या पानात बांधलेला चिकट भाताचा चौकोन कोणी प्रेमाने दिला तर आधी विचारा, आत डुकराचं मांस असतं.

आणि तांदळाची दारू. दुपारी बारा वाजता. नको म्हटल्यावर घरचे काका चहाचा कप पुढे करून बसले, त्यावर पण कप टेकवून चिअर्स चालतं.

—

हनोईत_सध्या

फळं खा म्हणणारा टूरवाला बदला.

—

सुपारीकतरा

आमच्या मेव्हण्याने गेल्या महिन्यात तिकडून पाव किलो चहा आणला, काळपट हिरवा, पण पत्तीवर पांढरट राखाडी काहीतरी दिसतंय. बायको म्हणते बुरशी, फेकून दे. मेव्हणा म्हणतो उंची माल आहे. घरात शीतयुद्ध चालू. जाणकारांनी निकाल द्यावा.

—

जोरहाटकर

फेकू नका! शेवटच्या शेकाला वाळलेली पत्ती पिंपात एकमेकांवर घासत राहते, त्याने तो राखाडी साज चढतो. थाय न्गुयेनच्या चहात तो असणं चांगलंच समजतात. बुरशी असेल तर वास कुबट येईल आणि पत्ती मऊ पडलेली असेल. दोन बोटांत चुरडून बघा, कुरकुरीत मोडली आणि वास भाजका-ताजा असेल तर मेव्हण्याची माफी मागा.

—

सुपारीकतरा

कुरकुरीत आहे. माफी बायको मागणार नाही, मी मागतो.

पण करायचा कसा? काल दुधात उकळला तर विष झालं.

—

फुलपाखरू२२

दुधात 😭😭

—

डोंगरवाटा

उकळायचा नाही हो, सुपारीभाऊ. पाणी उकळून दोन-तीन मिनिटं निवू द्या, ८० अंशाच्या आसपास. छोट्या भांड्यात दोन चमचे पत्ती, पहिलं पाणी घालून लगेच ओतून द्या, मग दुसरं पाणी घालून वीस-तीस सेकंदांत गाळा. तीच पत्ती चार-पाच वेळा चालते, दर वेळी थोडं जास्त थांबायचं. भांडं छोटंच हवं, लिटरभर पाण्यात घालून ठेवलात तर कडूच होणार.

—

हनोईत_सध्या

ताईंची पद्धत सभ्य आहे. इथले म्हातारे सरळ उकळतं पाणी घालतात आणि कडक पितात, सोबत तंबाखूची बांबूची नळी ओढतात. आणि उन्हाळ्यात फुटपाथवर हाच चहा एकदम पातळ करून बर्फ घालून ग्लासभर मिळतो, ३ ते ५ हजार डाँग, म्हणजे दहा-पंधरा रुपये. प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसायचं, आपले गुडघे कानाशी. हनोईतल्या निम्म्या बातम्या मला तिथे कळतात.

—

कळसूबाई

मी सुओई ज्यांगला गेले होते, त्याबद्दल पण लिहू का? वेगळंच जग आहे ते. वायव्येच्या डोंगरात, १४०० मीटरवर, मोंग या डोंगरी जमातीचं गाव (पूर्वी येन बाय प्रांत, २०२५ च्या विलीनीकरणानंतर आता लाओ काय). तिथे झुडपं नाहीत, चहाची झाडं आहेत, शेकडो वर्षांची म्हणतात. एकेकाचं खोड दोन हातांच्या कवेत येत नाही, शेवाळाने पांढुरकं झालेलं, आणि बायका झाडावर चढून खुडतात. मी वर बघून हात जोडले. कळ्यांवर पांढरी लव असते, शान तुएत म्हणतात त्या चहाला. चव तान कुओंगपेक्षा सौम्य, मधासारखी. आणि खुडणी वर्षातून दोन-तीनदाच. तिकडे मात्र एका दिवसात जाऊन येणं नाही, रात्र काढायलाच लागते, रस्ता वळणांचा, उलटीची गोळी ठेवा.

मोक चाऊचे ते हृदयाच्या आकाराचे मळे फोटोला छान आहेत, पण मला तिथे चहा कमी आणि ड्रेस भाड्याने देणारे जास्त दिसले.

—

जोरहाटकर

खुडणी दोन-तीनदाच हे बरोबर, उंचीवर थंडीत झाड झोपतं. तान कुओंगला दर ३५-४० दिवसांनी फुटवा येतो म्हणजे वर्षाला सात-आठ खुडण्या. म्हणूनच ते घर पोसलं जातं आणि म्हणूनच जमिनीवर ताण पण येतो, खत-औषध घालावंच लागतं. ताई, फवारणीबद्दल काही विचारलंत का?

—

डोंगरवाटा

विचारलं काका. तुडतुडे आणि लाल कोळी हे मोठे त्रास म्हणाल्या. दाराशी पाटी होती सुरक्षित शेतीच्या सर्टिफिकेटची आणि एक वही दाखवली, कधी काय फवारलं, त्यानंतर किती दिवस खुडायचं नाही. वहीत लिहिलेलं तसंच पाळतात का हे मी कशी सांगणार, पण त्यांची नात त्याच मळ्याच्या बांधावर अनवाणी फिरत होती. पुड्यांवर तारे छापलेले असतात तीन-चार-पाच, सरकारी ‘एक गाव एक उत्पादन’ योजनेचे, दुकानातून घेताना तेवढा आधार.

—

तर्कट

कोणत्या महिन्यात जावं? आणि एजंटशिवाय जमेल का?

—

हनोईत_सध्या

मार्च-एप्रिल सगळ्यात भारी, त्यांच्या नववर्षानंतरची पहिली खुडणी. मे ते ऑगस्ट पान भरपूर पण उन्हाने-पावसाने घामटा निघतो, चव पण जरा उतरते. सप्टेंबरात वादळांचं बघून या, २०२४ ला यागी आलं तेव्हा थाय न्गुयेन शहर पाण्यात होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर हवा उत्तम आणि खुडणी चालू असते. डिसेंबरात बरेच जण झुडपं छाटतात, तेव्हा मळा बोडका दिसेल.

एजंट नको. हनोईतल्या ‘मी दिन्ह’ नावाच्या बस स्टँडवरून थाय न्गुयेनच्या बस दिवसभर आहेत, पुढे टॅक्सी. चौघं असाल तर हनोईतूनच गाडी करा, परवडते. शनिवार-रविवार टाळा. व्हिसा ऑनलाइन होतो, २५ डॉलर, सरकारी साइटवरूनच भरा, सारख्या दिसणाऱ्या दलालांच्या साइट्स खूप आहेत. जवळच नुई कोक तलाव आहे, त्याची एक प्रेमकथा ड्रायव्हर सांगेलच, ती रडली त्याची नदी झाली, तो वाट बघत डोंगर झाला वगैरे. होडीवाल्यांच्या नादी लागू नका, चहाला वेळ पुरत नाही मग.

आणि चहा घ्यायचा असेल तर हवा काढलेल्या छोट्या पिशव्या करून मागा, शंभर-शंभर ग्रॅमच्या. घरी फ्रीजमध्ये ठेवायच्या, एक संपली की दुसरी फोडायची. ग्रीन टी वर्षभर ठेवून पिण्याची गोष्ट नाही.

—

अंबाडीची_भाजी

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं हनोईत आहोत. तुम्ही तेव्हा तिथेच का? त्या घरचा नंबर मिळेल?

—

हनोईत_सध्या

आहे. नंबर इथे टाकत नाही, त्यांना विचारून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. येताना अर्धा किलो बाकरवडी आणा, माझ्यासाठी नाही, त्या घरच्या काकांसाठी. मागच्या वेळी मी नेली होती, चहासोबत त्यांनी एकट्यांनी संपवली.